वजनावर लक्ष

४ मार्च, मंगळवार

ही वही माझ्या मापांची आहे. पुढून उघडली की गिऱ्हाइकांच्या छात्या, कंबरा, बाह्या. आज मागून उघडली आणि सुनेचं दुखणं लिहायला बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, काय होतं, कधी होतं, सगळं लिहून ठेवा." नवी वही आणायला इथे वेळ कुणाला आहे!

सून दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. पंधरा दिवस तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. मला फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणाले, ब्रश बदल. शेवटी तिच्याच दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरने तिचं तोंड बघितलं आणि रक्त तपासायला पिटाळलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. एकतिसाव्या वर्षी.

तिच्या दंडावर आणि मांड्यांवर जांभळे डाग आहेत. विहीणबाईंनी काल लेकीची बाही वर केली, डाग बघितले आणि आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे! अहो, दोन वर्षं झाली ही दोघं वेगळी राहायला लागून. मी हात लावायला जाऊ कुठे? पण पाहिलं खरं. मी काही बोलले नाही, आणि माझ्यासारखीने न बोलणं म्हणजे काय ते माझं मलाच माहीत.

वेगळी का झाली तेही लिहिते, खोटं कशाला? माझ्या जिभेला हाड नाही. "शर्टाला बटण लावता येत नाही आणि निघाली संसार करायला," असं मी चार माणसांत म्हणाले होते. ती तेव्हा हसली. महिनाभराने घर बघितलं दोघांनी.

६ मार्च, गुरुवार

आज डॉक्टरीणबाईंनी मला आणि मुलाला समोर बसवून कागदावर चित्र काढलं. रक्तातल्या पेशी हाडांच्या आत जन्मतात, वाढतात, शहाण्या होऊन कामाला लागतात. हिच्या पेशी वाढतच नाहीत. सगळी बाळंच बाळं, गर्दी करून बसलेली, आणि कामाला एक नाही. वाढायचा निरोप पेशीला मिळतो तो 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातल्या एका पदार्थाकडून. तो निरोप घ्यायला पेशीच्या आत एक जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. हिच्यात ती जागाच तुटून भलत्याच तुकड्याला जोडली गेली आहे.

मी म्हणाले, "म्हणजे बाही कॉलरला शिवली."

बाई थांबल्या. म्हणाल्या, "काकू, अगदी तेच. मी आता सगळ्यांना असंच सांगणार."

औषध म्हणजे कॅप्सूल. त्याच 'अ' जीवनसत्त्वाच्या भावकीतली, पण गाजरं खाऊन मिळणारी नव्हे हो, बाईंनी दोनदा बजावलं. भरपूर दिलं की त्या अडलेल्या जागेलाही निरोप ऐकू जातो आणि पेशी मोठ्या व्हायला लागतात. बाकीची औषधं मारतात, हे वाढवतं. सोबत लाल रंगाची चार इंजेक्शनं.

मी मुलाकडे बघून विचारलं, "याला दिलं तर हाही मोठा होईल का?" बाई हसल्या. मुलगा हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, तुला प्रत्येक ठिकाणी बोलायलाच हवं का?" खरं सांगू, मी बोलले नसते तर तिथेच रडले असते.

बाई म्हणाल्या, हा प्रकार बरा होण्यातला आहे, दहातले आठ-नऊ बरे होतात. पण पहिले दिवस धोक्याचे.

९ मार्च, रविवार

नाकातून रक्त. थांबेना. रक्त गोठायला लागतात त्या पिवळ्या पाण्यासारख्या पिशव्या चढवल्या, एक झाली की दुसरी. विहीणबाई दाराशी उभ्या होत्या. मी कापडाच्या घड्या करून देत होते. तेवढंच येतं मला.

१३ मार्च, गुरुवार

रक्त थांबलं आहे. तीन दिवस नवा डाग नाही.

कॅप्सूल सकाळी तीन, संध्याकाळी तीन, जेवणासोबत. त्याने ओठ असे फुटले आहेत की हसली तरी चिरतात. मी दर तासाला ओठांना मलम लावते. आज लावताना ती म्हणाली, "आई, मला बटण लावायला शिकवाल का?"

मी म्हणाले, "टोचून घ्यायला बघतेस? तुला सुईला हात लावायची बंदी आहे. रक्त येईल."

"मग बरी झाल्यावर."

"बरी झालीस की काजं सुद्धा शिकवीन. रडशील."

तिला आठवत होतं तर सगळं. मी तोंड फिरवून मलमाचं झाकण शोधत बसले, ते माझ्या हातातच होतं.

१८ मार्च, मंगळवार

घरी आणलं. वॉर्डात खाटा कमी आणि खोकणारे जास्त, तिथे राहण्यापेक्षा घर बरं, असं बाई म्हणाल्या. दर गुरुवारी दाखवायचं. परवाचा गुरुवार नको म्हणाल्या, रक्त आजच तपासलंय, एकदम सत्तावीसला या. मी माझं मशीन उचलून मुलाच्या घरी आणलं आहे. गिऱ्हाइकं थांबतील.

निघताना सिस्टरने एक कार्ड दिलं. तारखेपुढे वजन लिहायचं. "काकू, वजनावर लक्ष ठेवा हं. रोज सकाळी, त्याच कपड्यांत. फरक पडला तर लगेच फोन करा. ताप आला तर, धाप लागली तर…" तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी ओरडलं आणि ती पळाली. मी तिच्या मागून ओरडून सांगितलं, "काळजी नको! एक ग्रॅम कमी होऊ देत नाही!" तिने हात हलवला.

१९ मार्च, बुधवार

४४.२ किलो. लग्नात चौपन्न होती. मीच ब्लाउज शिवला होता, मला माहीत नाही तर कुणाला? तिचे सगळे गाऊन दोन्ही बाजूंनी आत घेतले. आत माया भरपूर ठेवली आहे, पुढे सोडता येईल.

विहीणबाईंचा फोन. "पोटभर जेवते ना ती? तिला मागायची सवय नाही हो, वाढावं लागतं." म्हणजे मी वाढत नाही! फोन ठेवला आणि मुलाला म्हणाले, महिन्याभरात हिला पन्नास किलो करून तुझ्या सासूसमोर उभी नाही केली तर नाव बदलीन.

२१ मार्च, शुक्रवार

४५.४! दोन दिवसांत सव्वा किलो. सकाळी उकडलेलं अंडं, मग दूध, दुपारी मऊ भात, चार वाजता सूप. सगळं संपवत नाही, निम्मं राहतं. पण जेवढं खाते तेवढं अंगी लागतंय हे काय कमी आहे?

तिला म्हटलं, "बघ, माझ्या हाताला गुण आहे." ती म्हणाली, "आहेच, आई." दोन वर्षांपूर्वी हे ऐकलं असतं तर घर वेगळं झालं नसतं. दोष तिचा होता असं नाही. माझाही होता. जास्त माझाच.

२३ मार्च, रविवार

४७. मी काटा दोनदा बघितला, मग स्वतः चढून बघितलं की काटा बरोबर आहे ना. बरोबर आहे, माझं वजन नेहमीइतकंच दुःखद आहे.

विहीणबाईंना आपण होऊन फोन केला. "सत्तेचाळीस," म्हटलं. त्यांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो." मला दिवसभर हलकं वाटलं.

गाऊन पोटाशी ताणतोय म्हणून उसवून एक इंच सोडला. माप घेतलं. कंबर दोन इंच वाढली आहे. दंड मात्र आहे तेवढाच, काडी. घोटा पाऊण इंच जास्त. असं माप मी कधी बघितलं नाही, माणूस भरतं तेव्हा आधी दंड भरतात. दुखण्यातून उठताना पाय आधी भरत असावेत.

२४ मार्च, सोमवार

४८. विहीणबाई आल्या. लेकीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "बाळसं धरलंय गं माझ्या बाईने." मग माझ्याकडे वळून, "विहीणबाई, चुकलं माझं. मी काय काय मनात आणलं होतं तुमच्याबद्दल." मी म्हणाले, "मनात आणलंत ते ठीक, मी तर तोंडाने बोलते." दोघी हसलो. सूनही हसली, हसताना खोकला आला.

मायलेकींना जरा एकत्र बसू दिलं आणि मी दूध आणायला गेले. आज फार बरं वाटतंय, लिहूनच ठेवते. साठ वर्षांत मला कुणी 'चुकलं माझं' म्हणालेलं नाही.

उशाला दोन उशा हव्यात म्हणते. पाठीला बरं पडतं म्हणे. ताप कणभर, गोळी दिली, उतरला. कणभर तापाला काय फोन करायचा, त्या सिस्टरला आधीच श्वास घ्यायला फुरसत नसते.

२६ मार्च, बुधवार

५०.१. पन्नास झाले. पण आनंद झाला नाही, का ते कळत नाही.

ती खाटेवरून उठून खुर्चीपर्यंत आली आणि मध्येच भिंत धरून उभी राहिली. "काय गं?" म्हटलं. "काही नाही… आई… जास्त… जेवले." पाच शब्दांत तीनदा थांबली. आणि जेवली कुठे होती? अंडं तसंच होतं.

पाय चेपायला घेतले. अंगठा दाबला तिथे खळगा पडला. काढला तरी खळगा तसाच. कणकेत पडावा तसा. मी तो बघत बसले, हळूहळू भरला.

मुलगा म्हणाला, "आई, फोन करू या का?" मी म्हणाले, "उद्या सकाळी जायचंच आहे की." खरंच जायचंच होतं. शिवाय मनात असंही आलं, की फोन केला तर परत ठेवून घेतील, आणि एवढं कमावलेलं वजन त्या वॉर्डात चार दिवसांत जाईल. हे लिहायला नको होतं. पण आलं मनात.

२७ मार्च, गुरुवार

सिस्टरने तिला दारातून येताना पाहिलं आणि चाकाची खुर्ची घेऊन धावत आली. मी कार्ड पुढे केलं. मी चांगल्या अक्षरात लिहिलं होतं. तिने आकड्यांवरून बोट खाली नेलं, मग पुन्हा वर.

"काकू, हे रोज वाढत होतं. फोन का नाही केलात?"

"वाढत होतं म्हणूनच नाही केला," मी म्हणाले.

तिचा चेहरा मी विसरणार नाही. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "काकू, सूज म्हणजे बाळसं नव्हे हो."

ही म्हण मी आयुष्यभर वापरली आहे. शेजारणीच्या मुलाच्या धंद्याबद्दल, पुढाऱ्यांबद्दल, कुणाकुणाबद्दल.

नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. औषध लागू पडलं. पेशी मोठ्या व्हायला लागल्या, पण सगळ्या एकदम. तशा झाल्या की त्या अंगभर पसरतात, रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, पाणी साचतं. पायात, पोटात, मग फुप्फुसात. दोन किलो वाढलं की कळतं, आणि तेव्हाच स्टेरॉइडचं इंजेक्शन सुरू केलं की बहुतेक जणांचं उतरतं. म्हणूनच ते कार्ड.

दोन किलो. म्हणजे रविवारी. मी गाऊन उसवत होते तेव्हा.

मुलाने बाहेर बाकावर विचारलं, "आई, सिस्टर तेव्हा नक्की काय म्हणाल्या होत्या?"

मी शब्दन् शब्द सांगितला. वजनावर लक्ष ठेवा. फरक पडला तर फोन करा.

तो म्हणाला, "मीही तिथेच होतो. मलाही 'कमी झालं तर' असंच वाटलं." आणि उठून गेला. मला वाचवायला म्हणाला की खरंच, देव जाणे. तो तेव्हा तिथे नव्हता, सामान खाली नेत होता.

२८ मार्च, शुक्रवार

इंजेक्शनं चालू. कॅप्सूल बंद केली. दुपारी श्वासाच्या मशीनवर घेतलं. नळी घालायच्या आधी दोन मिनिटं आत सोडलं. ती बोलू शकत नव्हती. माझा हात हातात घेऊन तिने अंगठा माझ्या बोटांवरून फिरवला, सुईने खरबरीत झालेल्या. मी सांगायला गेले होते की मी चुकले, आणि सांगितलं काय, तर "भिऊ नकोस." भ्यालेली मी होते.

२९ मार्च, शनिवार

तसंच आहे.

३१ मार्च, सोमवार

गेली. सकाळी साडेदहाला.

४ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. मुलगा येईना, मी एकटी गेले. सत्तावीसला हाडातून जो नमुना घेतला होता त्याचा अहवाल आला आहे. बिघडलेल्या पेशी दिसत नाहीत. जवळजवळ सगळ्या नीट वाढलेल्या. बाई वाचताना मध्येच थांबल्या, पाणी प्यायल्या.

मी विचारलं, "म्हणजे रोग बरा झाला होता?"

"पूर्ण नाही म्हणता येणार. पुढे बरेच महिने औषध लागलं असतं. पण हो, काकू. बरी होत होती."

मी म्हणाले, "मी रविवारी फोन केला असता तर?"

त्या म्हणाल्या, "असं ठामपणे कुणीच सांगू शकत नाही. वेळेवर इंजेक्शन देऊनही काही जण जातात. आणि आमचंही चुकलं. 'वाढलं तर' असं स्वच्छ सांगायला हवं होतं, कार्डावर छापायला हवं होतं. आता छापणार आहोत."

छापा. चांगलं आहे. मी बाहेर आले आणि कुठल्या रस्त्याने घरी आले ते आठवत नाही. आरोग्याच्या कुठल्या शाळेत मी गेले नव्हते, पण दंड आणि घोटा यांतला फरक कळायला शाळा लागत नाही. चाळीस वर्षं मी हातात टेप धरली आहे. माप माझ्यासमोर होतं. रविवारच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. अंग भरत नव्हतं हे टेपने सांगितलं आणि मी टेपलाच समजावलं.

मला कोणी एक शब्द बोलत नाही. मुलगा जेवायला बसतो, दोन घास खातो, "चांगलं झालंय" म्हणतो आणि उठतो. शिव्या घाल रे बाबा, घाल. मी आयुष्यभर सगळ्यांना घातल्या, मला एक तरी परत द्या.

६ एप्रिल, रविवार

विहीणबाई लेकीचे कपडे न्यायला आल्या. मुलगा घरी नव्हता, गेले चार दिवस तो उजाडताच बाहेर पडतो. कपाटातून एकेक काढून मी घडी घालून देत होते. त्या सगळं नाकाशी धरून बघत होत्या.

मी ठरवलं होतं की आज सांगायचंच. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं. पण तोंड उघडेना. माझं तोंड! म्हणून कार्ड आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांचा चष्मा नव्हता. म्हणाल्या, "वाचून दाखवा."

मी वाचलं. एकोणीस तारीख, चव्वेचाळीस पूर्णांक दोन. वीस, चव्वेचाळीस सहा. एकवीस, पंचेचाळीस चार. एकेक आकडा वाचताना वाटत होतं, आता कळेल, आता उठून माझ्या थोबाडीत मारतील. सव्वीस तारीख, पन्नास पूर्णांक एक. संपलं.

विहीणबाईंनी डोळे पुसले. "किती केलंत हो तुम्ही तिचं," म्हणाल्या. "सख्खी आई करणार नाही इतकं."

मग मला सांगावंच लागलं. "विहीणबाई, ते वाढायला नको होतं. ती सूज होती. अंगात पाणी भरत होतं. दोन किलो वाढल्यावर फोन करायचा होता, मी केला नाही. मला वाटलं माझ्या हातचं अंगी लागतंय. पाय सुजलेला मी बघितला होता, माप घेतलं होतं. तरी नाही केला."

एवढं सगळं एका दमात. त्यांच्या हातात लेकीचा निळा गाऊन होता, मी उसवून सोडलेला. तो त्यांनी मांडीवर ठेवला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

शेवटी म्हणाल्या, "मी आले होते तेव्हा किती होतं?"

"अठ्ठेचाळीस."

"तुम्ही दूध आणायला गेला होतात," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. "तेव्हा मला म्हणाली, आई, आडवं झालं की गुदमरायला होतं. पायही जड झालेत. मी म्हटलं, थांब, त्यांना सांगते, फोन करायला लावते. तर माझा हात घट्ट धरला तिने. म्हणाली, नको गं. सासूबाईंना काही सांगू नकोस. पहिल्यांदाच खूश आहेत माझ्यावर."